दूरदर्शनचे जुने कार्यक्रम टेप केलेल्या व्हिडिओ कॅसेट: बुरशी लागली आहे, संगणकावर कशा घ्याव्यात?

कातळसडा

रत्नागिरीच्या घरी माळ्यावर पंधराएक व्हीएचएस कॅसेट निघाल्या आहेत. साधारण १९८७ ते १९९५ या काळात घरच्याच व्हीसीआरवर टीव्हीवरून टेप केलेल्या. लेबलांवर पेनाने लिहिलेलं वाचता येतं ते असं: ‘गोट्या’, ‘किलबिल’, ‘गजरा’, ‘रामायण’, ‘महाभारत’, रविवारचं ‘जंगल बुक’. दोन-तीन कॅसेटवर नुसतंच ‘टीव्ही’ लिहिलंय.

सात-आठ कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरे ठिपके आणि कडेला जाळीसारखं काही दिसतं. त्या लावून पाहाव्यात का? व्हीसीआर घरात आहे, पण कित्येक वर्षं बंद. बाजारात व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारी हजार-बाराशे रुपयांची यूएसबीची पट्टी मिळते, ती पुरेल का? संगणकावर जागा किती लागेल? आणि सगळ्याच करायला वेळ मिळाला नाही, तर आधी कुठल्या घ्याव्यात? जाणकारांनी सविस्तर सांगावं, ही विनंती.

फीतवाला

बुरशी दिसणारी एकही कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, मिनिटभर बघायचं म्हणूनसुद्धा नको. व्हीसीआरचा ड्रम, म्हणजे फीत ज्याला वळसा घालते तो गोल भाग, मिनिटाला १५०० फेरे फिरतो आणि त्यावरच्या, चित्र वाचणाऱ्या हेडची फट केसापेक्षा कितीतरी बारीक असते. बुरशीची पूड तिथे बसली की चित्र जातं आणि नुसत्या मुंग्या दिसतात. त्याहून वाईट म्हणजे तीच पूड पुढे लावलेल्या चांगल्या कॅसेटला चिकटते. चांगल्या आणि बुरसटलेल्या कॅसेट आजच वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा.

आधी सुकवायचं, मग पुसायचं. हा क्रम उलटला की बुरशी फितीवर सारवली जाते. सुकली की तिची पूड होते आणि ती निघते. घट्ट झाकणाचा दहा लिटरचा डबा घ्या. तळाशी रंग बदलणारं सिलिका जेल २५० ते ३०० ग्रॅम, सुती कापडाच्या पुरचुंडीत. शेजारी एक छोटा आर्द्रतामापक. कॅसेट पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढून उभ्या ठेवा, एका डब्यात पाच-सहाच. काटा ४० टक्क्यांच्या आसपास स्थिरावला की तिथून पुढे किमान दोन आठवडे हात लावू नका. तीन तासांच्या कॅसेटमध्ये जवळपास २५८ मीटर फीत घट्ट गुंडाळलेली असते, आतल्या वेढ्यांतला दमटपणा बाहेर यायला वेळ लागतो. जेलने रंग बदलला की ते साधारण १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतं.

बुरशी साधारण ६५ टक्क्यांच्या वरच्या दमटपणात वाढते. कोकणात पावसाळ्यात हवा ८०-९० टक्क्यांवर असते, म्हणून हे काम डिसेंबर ते एप्रिलमध्ये उरका. कॅसेट उन्हात वाळवू नका, कवच वाकतं. तांदळाच्या डब्यात पुरू नका, पीठ आत जातं. डांबराच्या गोळ्या तर अजिबात नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतं.

पुसायला बसताना एन-९५ मास्क आणि रबरी हातमोजे घाला. काम गॅलरीत करा, स्वयंपाकघरात नको. बुरसटलेलं कवच टाकून द्यायचं आणि रिळं दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या कवचात बसवायची, हा सगळ्यात सुरक्षित मार्ग. कॅसेट पालथी करून खालचे पाच स्क्रू काढा. दोन्ही अर्धे हाताने दाबून धरत ती सुलटी करा आणि मगच वरचं झाकण उचला, नाहीतर रिळं हातात येतात. मोबाइलवर आतला फोटो काढून ठेवा. फीत डाव्या रिळावरून डाव्या कोपऱ्यातल्या रोलरवर, समोरून आडवी, उजव्या खांबाला वळसा घालून उजव्या रिळावर जाते. रिळांच्या मागे ब्रेकच्या दोन पट्ट्या आणि एक बारीक स्प्रिंग असते. ती उडाली तर शोधत बसावं लागतं, म्हणून खाली पांढरी चादर अंथरा.

पुसताना तंतू न सुटणारं कापड घडी करून फितीच्या दोन्ही बाजूंना हलकं टेकवा आणि रीळ हळू फिरवा. हजाराच्या वर फेरे होतात, तेव्हा अगदी मंद वेगावर चालणारा बॅटरीचा स्क्रूड्रायव्हर उपयोगी पडतो. कापड काळं-पांढरं झालं की घडी बदला. एकदा पुढे, एकदा मागे. पाणी, काच पुसायचा फवारा, पेट्रोल यातलं काहीही फितीला लावू नका. कापडावर सतत तपकिरी थर येत राहिला किंवा फीत चिकट लागली, तर थांबा. तो बुरशीचा प्रश्न नाही, फितीवरचा चुंबकीय लेपच सुटतोय. ती कॅसेट अशा कामाच्या तज्ज्ञाकडेच जायला हवी. घरच्या ओव्हनमध्ये भाजून बघायचे सल्ले मिळतील, ते मनावर घेऊ नका.

फीत तुटलेली असेल तर साधी सेलोटेप लावू नका, तिचा गोंद पाझरून हेडला लागतो. जोडायची खास टेप मिळते. ती फितीच्या आतल्या, म्हणजे कॅसेटच्या पोटाकडे असलेल्या बाजूला लावायची. ध्वनिचित्र बाहेरच्या बाजूला असतं. तुटलेली जागा मधोमध असेल तर जोडण्यापेक्षा दोन तुकडे दोन कवचांत बसवणं बरं. हेडवरून जोड गेला तर हेडचं टोक उडू शकतं.

पिंचरोलर

वरच्या प्रतिसादाला +१. आता व्हीसीआरबद्दल.

बंद पडून राहिलेल्या यंत्रात चार गोष्टी हमखास बिघडतात: रबरी पट्टे सैल पडतात, पिंच रोलर (फीत दाबून पुढे सरकवणारं रबरी चाक) कडक आणि गुळगुळीत होतो, वंगण सुकून चिकट होतं आणि आतल्या मोड स्विचवर गंज चढतो. यातला पट्टा सगळ्यात घातक. ‘प्ले’ दाबल्यावर फीत बाहेर ओढली जाते, पण सैल पट्ट्यामुळे उजवं रीळ फिरत नाही, मग फीत आत साचते आणि यंत्र ती चावतं. म्हणून पहिली चाचणी कधीही ‘गजरा’च्या कॅसेटवर करू नका. दुकानातून घेतलेल्या, कुठेही मिळणाऱ्या सिनेमाची कॅसेट घ्या. वरचं झाकण उघडं ठेवून पाच मिनिटं ‘प्ले’, मग पुढे, मग मागे, मग ‘इजेक्ट’. उजवं रीळ थांबत-थांबत फिरताना दिसलं की लगेच ‘स्टॉप’ दाबा आणि पट्टे बदलून घ्या. झाकण उघडं असताना पॉवर सप्लायच्या बाजूला हात नेऊ नका.

हेड पुसायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय चामड्याची काडी लागते. कानातल्या कापसाच्या काड्या वापरू नका, कापसाचा तंतू हेडच्या टोकात अडकून ते तुटतं. चामडं भिजवून ड्रमला टेकवून धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून हळू फिरवा. काडी आडवी स्थिर ठेवायची, वर-खाली कधीच घासायची नाही. पिंच रोलर, त्याला टेकून फिरणारा कॅपस्टनचा दांडा, आवाजाचं हेड हेही पुसा. तिथे कापसाची काडी चालते. दहा मिनिटं सुकू द्या. चांगल्या कॅसेटनंतरही चित्रात मुंग्या यायला लागल्या की पुन्हा हेच करायचं.

नवीन यंत्र शोधणार असाल तर नुसता व्हीसीपी (फक्त दाखवणारा, टेप न करणारा) घेऊ नका. चार हेडचा, मागे पिवळी-पांढरी-लाल भोकं असलेला, हाय-फाय आवाजाचा, १९९० च्या उत्तरार्धातला व्हीसीआर पाहा. घरी टेप करताना फीत वाचवायला एलपी हा मंद वेग वापरलेला असू शकतो. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत एसपी या नेहमीच्या वेगाला फीत सेकंदाला सुमारे २३.४ मिलिमीटर सरकते आणि एलपीला बरोबर निम्मी. एलपीवरची रेषा अरुंद असते, त्यामुळे दोन हेडच्या यंत्रावर ती थरथरते. ट्रॅकिंग आपोआपवर सोडू नका, प्रत्येक कॅसेटला हाताने लावा. एकाच कॅसेटवर वेगवेगळ्या दिवशी टेप केलेलं असेल तर मध्येही बदलावं लागतं.

बुरशी नसलेल्या कॅसेट संगणकावर घेण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे न्या. वर्षानुवर्षं एका जागी राहिलेल्या फितीचे वेढे कुठे सैल, कुठे घट्ट झालेले असतात. ते सारखे होतात आणि चित्र कमी हलतं.

पाल_६२५

स्वस्तातली यूएसबी पट्टी चित्र देईल, पण बहुतेकींत खरी अडचण येते ती फ्रेम गळण्याची. व्हीएचएसचा सिग्नल मुळातच डगमगता असतो, प्रत्येक ओळ किंचित पुढे-मागे सुरू होते. टीव्ही ते सांभाळून घेतो. डिजिटल पट्टीला मात्र ओळ कुठे सुरू झाली ते कळलं नाही की ती अख्खी फ्रेम सोडून देते. चित्राच्या फ्रेम गळतात, आवाज पूर्ण राहतो, आणि तासाभरात ओठ आणि शब्द यांची फारकत होते.

यावर उपाय टाइम बेस करेक्टरचा, म्हणजे ओळींची डगमग सरळ करून देणाऱ्या यंत्राचा. स्वतंत्र यंत्र महाग पडतं. घरगुती पर्याय म्हणजे डीव्हीडी रेकॉर्डर नुसता मध्ये जोडायचा, त्यात टेप काहीच करायचं नाही. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ याच कामासाठी नावाजलेले आहेत. जोडणी अशी: व्हीसीआरमधून पिवळी वायर रेकॉर्डरच्या ‘लाइन इन’ला, रेकॉर्डरच्या ‘आउट’मधून एस-व्हिडिओ वायर यूएसबी पट्टीला. आवाज मात्र व्हीसीआरमधून थेट पट्टीला. जुना व्हीसीआर मोनो असेल तर एकाच बाजूला आवाज येईल. त्याची चिंता नको, नंतर दुसऱ्या बाजूला तोच आवाज उतरवता येतो. वायर जाड, शील्ड असलेली घ्या आणि ती चार्जरजवळून नेऊ नका, चित्रात तिरक्या रेघा येतात.

संगणकावर व्हर्च्युअलडब हे चित्र टिपणारं सॉफ्टवेअर घ्या. मापं ही: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, पाल-बी, रंग वाययूवाय२, कॉम्प्रेशन हफवाययूव्ही किंवा लॅगारिथ (दोन्हींत चित्राचं नुकसान होत नाही). आवाज ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, बिनकॉम्प्रेशनचा. आवाजाचं सर्वांत मोठं टोक उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा. वर गेलं की फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर सुधारत नाही. खाली ‘गळलेल्या फ्रेम’चा आकडा दिसत राहतो, त्यावर लक्ष ठेवा. तो सारखा वाढत असेल तर थांबून वायर, ट्रॅकिंग आणि हेड या क्रमाने तपासा.

ओबीएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरने करणाऱ्यांसाठी एक इशारा. ते मुळात ३० फ्रेमवर लावलेलं असतं आणि आपला दूरदर्शन २५ वर. बदल न करता घेतलं की कॅमेरा आडवा फिरताना चित्र झटके देतं. ते आधी २५ करा. तरीही जपून ठेवायच्या प्रतीसाठी मी व्हर्च्युअलडबच सुचवेन, कारण त्यात इंटरलेस (एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांनी बनलेलं) चित्र जसंच्या तसं राहतं.

जागेचा हिशेब: या मापाने तासाला ३० ते ३५ जीबी. तीन तासांची कॅसेट म्हणजे १०० जीबीच्या आसपास. पंधरा कॅसेटना दीड टीबी धरा. दोन टीबीच्या दोन डिस्क घ्या, एक घरात, दुसरी दुसऱ्या गावी असलेल्या नातेवाइकाकडे.

ही झाली मूळ प्रत. तिला हात लावायचा नाही. घरच्यांना दाखवायला त्यावरून दुसरी एमपी४ प्रत करायची. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस (अर्धी चित्रं पूर्ण करण्याची सोय) ‘बॉब’वर ठेवा, म्हणजे २५ फ्रेमच्या ५० होतात आणि हालचाल टीव्हीवर दिसायची तशी मऊ दिसते. चित्राचं प्रमाण ४:३ राहू द्या. ७६८ बाय ५७६ केलं की माणसं नीट दिसतात. रुंद टीव्ही भरावा म्हणून १६:९ ला ताणू नका, त्यात दिलीप प्रभावळकरांचा सडपातळ चिमणरावसुद्धा गुटगुटीत दिसेल. चित्राच्या तळाशी सहा-आठ ओळींत फाटकी पट्टी दिसते, ती बिघाड नाही. हेड बदलतं त्या जागेची ती खूण आहे, पूर्वी टीव्हीच्या चौकटीमागे लपायची. एमपी४ प्रतीत तिच्यावर काळी पट्टी टाका. ‘चिमणराव’सारखा कृष्णधवल कार्यक्रम असेल तर त्यावर इंद्रधनुषी ठिपके पडतात. त्या प्रतीत रंग शून्यावर आणा, चित्र एकदम स्वच्छ वाटतं.

कातळसडा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. तीन कॅसेटवर ‘टी-१२०’ छापलंय, त्या अमेरिकेहून आणलेल्या कोऱ्या कॅसेट होत्या. त्यांना वेगळं यंत्र लागेल का? आणि शहरातल्या एका दुकानाने सगळ्या कॅसेट ‘डीव्हीडी करून’ देतो म्हटलंय. द्याव्यात का?

एडिसनकर

टी-१२० छापलेलं पाहून घाबरू नका. ते फितीच्या लांबीचं अमेरिकन माप आहे, टेप कुठल्या पद्धतीने झालंय ते त्यावरून ठरत नाही. फीत एकच असते. भारतातल्या व्हीसीआरवर टेप केलं असेल तर ते पालच. अमेरिकेत तीच कॅसेट दोन तास चालते, पालमध्ये फीत हळू सरकते म्हणून तीन तासांना जरा कमी. तेव्हा त्या कॅसेटला दोन तास झाले म्हणून बंद करू नका, पुढे आणखी पाऊण तास मजकूर असू शकतो.

इकडे अमेरिकेत राहणाऱ्यांची अडचण उलटी आहे. भारतातून आणलेली कॅसेट इथल्या साध्या व्हीसीआरमध्ये लावली की चित्र गडगडतं. सॅमसंगचा एसव्ही-५०००डब्ल्यू किंवा आयवाचा एचव्ही-एमएक्स१०० यांसारखा बहुपद्धतीचा व्हीसीआर लागतो. त्यात पालचं एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही पद्धत) करून देणारी सोय आतच असते, ती बंद ठेवायची. चालू राहिली तर ५७६ ओळींच्या ४८० होतात, २५ फ्रेमच्या जवळपास ३० केल्या जातात आणि चित्र कायमचं अडखळतं. यंत्रातून पालच बाहेर काढा आणि यूएसबी पट्टीही पालवर लावा. संगणकाला देश कळत नाही, तो दोन्ही घेतो.

निशिगंध

आधी कुठल्या घ्याव्यात, याचं उत्तर कुणी दिलं नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

‘रामायण’ आणि ‘महाभारत’ शेवटी. ‘रामायण’चे ७८ आणि ‘महाभारत’चे ९४ भाग हक्कदारांकडे चांगल्या प्रतीत आहेत. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत दूरदर्शनने दोन्ही पुन्हा दाखवले आणि गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवात नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रसार भारतीच्या ‘वेव्ह्ज’ या ओटीटीवरही जुन्या मालिका आल्या आहेत. प्रसार भारती अर्काइव्ह्ज आणि सह्याद्रीच्या यूट्यूब वाहिन्याही आधी धुंडाळा.

मुंबई केंद्राचं मात्र तसं नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला केंद्र सुरू झालं आणि तेव्हापासून ‘गजरा’, ‘किलबिल’, ‘संताकुकडी’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘आमची माती आमची माणसं’ असं कितीतरी रोजचं काम झालं. त्या काळी स्टुडिओच्या टेप महाग होत्या आणि पुसून पुन्हा वापरल्या जात. एखाद्या घरच्या कॅसेटवर उरलेला ‘किलबिल’चा भाग ही त्याची एकमेव प्रत असू शकते. म्हणून पहिला मान ‘किलबिल’ आणि ‘गजरा’ला, मग ‘टीव्ही’ एवढंच लिहिलेल्या अनोळखी कॅसेटना, मग ‘गोट्या’ला.

आणि कृपा करून काहीही कापू नका. ‘महाभारत’चा भाग कुठेही मिळेल. त्याआधी निवेदिकेने सांगितलेले त्या दिवसाचे कार्यक्रम, मधल्या जाहिराती, ‘व्यत्यय’ची पाटी, सातच्या बातम्यांची सुरुवात, हे हक्कदारांच्या प्रतीत नाही. ते त्याच कॅसेटवर आहे. ‘रामायण’ची कॅसेटसुद्धा याच कारणासाठी घ्यायची. भाग सुरू होण्याआधीची आणि संपल्यानंतरची पाच-दहा मिनिटं त्यात सोनं आहेत.

लेबल नसलेल्या कॅसेटचा काळ ठरवायलाही हेच मधले तुकडे कामी येतात. ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ दिसलं तर टेपिंग १५ ऑगस्ट १९८८ च्या नंतरचं. ‘हमारा बजाज’ची जाहिरात असेल तर १९८९ किंवा पुढचं. ‘रामायण’चा पहिलाच प्रसार असेल तर जानेवारी १९८७ ते जुलै १९८८. मराठीत नाना पाटेकर म्हणून ओळखीचा आवाज हिंदी शेर खानच्या तोंडी ऐकू आला तर ते १९९३ चं ‘जंगल बुक’. झी टीव्हीची जाहिरात दिसली तर ऑक्टोबर १९९२ च्या आधीचं नक्कीच नाही. लक्षात ठेवा, जाहिरातींवरून ‘या तारखेनंतरचं’ एवढंच ठरतं, कारण त्या वर्षानुवर्षं चालायच्या आणि एकाच कॅसेटवर जुन्यावर नवं टेप व्हायचं. बातम्यांचा अर्धा मिनिट जरी सापडला तर नेमका दिवस काढता येतो.

फाइलचं नाव ठेवताना कॅसेटला पेन्सिलने दिलेला क्रमांक, लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा आणि ठरवलेला काळ, असं लिहा. सोबत एक साधी मजकुराची फाइल: किती मिनिटाला काय सुरू होतं. लेबलचा फोटोही त्याच फोल्डरमध्ये. पूर्ण भाग यूट्यूबवर सरसकट टाकू नका, त्यांचे हक्क निर्मात्यांचे किंवा दूरदर्शनचे आहेत. दुर्मीळ काही सापडलं तर प्रसार भारतीच्या अर्काइव्हला कळवा.

पाल_६२५

दुकानाबद्दल. बुरशीच्या कॅसेट आधी सुकवल्याशिवाय आणि त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. त्यांच्या हेडवर आधीच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटची बुरशी असू शकते, हेही लक्षात घ्या. देण्याआधी हे विचारा: प्रत्येक कॅसेटनंतर हेड पुसता का? टाइम बेस करेक्टर आहे का? ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस, बिनानुकसान कॉम्प्रेशनची फाइल माझ्या डिस्कवर द्याल का? तीन तासांची कॅसेट एका डीव्हीडीवर कोंबली की चेहऱ्यांवर चौकोन पडतात, गर्दीच्या आणि नाचाच्या दृश्यांत तर सगळ्यात जास्त. चित्र ‘सुधारून’ देतो म्हणाले तर नको म्हणा, ते कोंड्याबरोबर दाणेही पाखडून टाकतात. रिकाम्या जागा कापू नका, हेही लिहून द्या. नाहीतर दोन कार्यक्रमांमधली निवेदिकाच गायब झालेली असेल.

आधी एकच कॅसेट द्या, कमी महत्त्वाची. फाइल घरी आणून शेवटच्या दहा मिनिटांत ओठ आणि आवाज जुळतात का ते बघा. तिथे जुळले तर बाकीच्या द्यायला हरकत नाही. आणि काम झाल्यावर कॅसेट फेकू नका. पूर्ण मागे नेऊन, जेलच्या पुडीसह घट्ट डब्यात, उभ्या ठेवा. उद्या एखाद्या फाइलमध्ये चूक सापडली तर परत संगणकावर घ्यायला मूळ फीत तीच आहे.